आस्वाद आणि अंमल

१

मराठी समीक्षेत 'आस्वाद' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्याचे मूळ जिभेवर आहे याचा आपल्याला विसर पडलेला असतो. कवितेचा आस्वाद, आस्वादक समीक्षा, आस्वादप्रक्रिया अशा प्रयोगांत चव, तोंड, घोट यांचा मागमूसही उरलेला नाही. रूपक झिजून संज्ञा झाली की असेच घडते. परंतु ज्या परंपरेतून ही संज्ञा आपल्याकडे आली तिला हे मूळ चांगले ठाऊक होते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न चित्ताने सेवन करणाऱ्या माणसाचा दृष्टांत येतो. अभिनवगुप्त रसप्रतीतीला चर्वणा म्हणतो. अनेक द्रव्ये एकत्र येऊन जे पेय सिद्ध होते, आणि ज्याची चव त्यांतील कोणत्याही एका द्रव्याची नसते, त्या पानकरसाचा दाखला तर आपल्या काव्यशास्त्रात रूढच झाला आहे.

प्रस्तुत निबंधातील प्रश्न उलट्या दिशेचा आहे. काव्याचे स्वरूप समजावून घेण्यासाठी पेयाचा दृष्टांत चालतो. मग एखाद्या पेयाचा, तेही अंमल चढवणाऱ्या पेयाचा, पूर्ण अर्थाने आस्वाद संभवतो काय? संभवत असेल, तर तो घेणाऱ्यावर कोणती नैतिक जबाबदारी येते? हा प्रश्न मी गेल्या अर्धशतकात युरोप-अमेरिकेत वाढलेल्या, आणि आता आपल्याकडील शहरांतही दिसू लागलेल्या, 'क्राफ्ट बिअर'च्या संदर्भात विचारणार आहे. हा विषय या पृष्ठांवर काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आस्वादाविषयीचे आपले काही आवडते सिद्धांत या ठिकाणी जसे कसाला लागतात तसे कवितेच्या संदर्भात क्वचितच लागतात.

२

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्सची कडवट फुले, पाणी आणि यीस्ट एवढ्या सामग्रीतून बिअर सिद्ध होते. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन येथे योसेफ ग्रोल याने सोनेरी, नितळ अशी लागर बिअर तयार केली. पुढे तिच्या सौम्य आवृत्त्या मोठ्या कारखान्यांतून जगभर पसरल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिअर म्हणजे हीच एक चव असे समीकरण अनेक देशांत झाले. या एकसुरीपणाविरुद्धची प्रतिक्रिया म्हणजे क्राफ्ट बिअरची चळवळ. इंग्लंडमधील पारंपरिक एलच्या जतनासाठी १९७१ मध्ये ग्राहकांची 'काम्रा' ही संघटना स्थापन झाली. कॅलिफोर्नियात जॅक मॅकऑलिफ याने १९७६ मध्ये 'न्यू अल्बियन' हा छोटा मद्यनिर्मिती उद्योग सुरू केला; तो १९८२ मध्ये बंद पडला, पण त्याचे अनुकरण थांबले नाही. त्याच १९८२ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे पहिला 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल' भरला.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यांतील सर्वांत लक्षणीय घटना मात्र एका पुस्तकाची आहे. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने १९७७ मध्ये 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' प्रसिद्ध केले. जगातील बिअरची त्याने प्रकारांनुसार मांडणी केली, आणि पुढील पिढ्यांना चव घेण्याची चौकटच मिळाली. यापूर्वी बिअर पिणारे होते. बिअरचा 'वाचक' या पुस्तकानंतर घडला असे म्हणता येईल. वाङ्मयप्रकाराची कल्पना वाचकाला काय अपेक्षावे हे शिकवते. येथेही तसेच घडले.

३

अभिरुचीला काही निकष असतात काय, या प्रश्नाचा विचार करताना डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात 'दोन किहोते'मधील मद्यपरीक्षकांची गोष्ट आधाराला घेतली आहे. सँकोचे दोन नातलग एका पिंपातील मद्याची चव घेतात. मद्य उत्तम आहे, पण त्याला किंचित चामड्याची चव आहे, असे एक म्हणतो. लोखंडाची चव आहे, असे दुसरा म्हणतो. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली सापडते.

या गोष्टीचा मोह समीक्षकाला पडावा हे स्वाभाविक आहे. आपल्या प्रत्येक विधानाची किल्ली संहितेच्या तळाशी असते असे मानणे सुखाचे असते. बिअरच्या बाबतीत तर ही किल्ली प्रयोगशाळेत सापडतेही. डायअसेटिल हे द्रव्य असल्यास लोण्याची चव येते. आयसोअमाइल अॅसिटेट असल्यास पिकलेल्या केळ्याचा वास येतो. डायमिथाइल सल्फाइडमुळे उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास जाणवतो. मॉर्टन मैलगार्ड या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अशा चवींचे एक चक्रच तयार केले, आणि त्याला या क्षेत्रात प्रमाण मानले गेले.

परंतु किल्ली सापडल्याने ह्यूमचा प्रश्न सुटत नाही, हे येथेच स्पष्ट होते. लोण्याची चव आहे हे सिद्ध झाले, तरी ती असावी की नसावी हे त्यातून सिद्ध होत नाही. पिल्स्नरच्या बहुतेक आवृत्त्यांत ती दोष ठरते. काही इंग्रजी एलमध्ये मर्यादित प्रमाणात ती खपते. केळे आणि लवंग यांचा वास बव्हेरियन गव्हाच्या बिअरचा गुण आहे. तोच लागरमध्ये आला तर निर्मात्याचा हलगर्जीपणा समजला जातो. आंबटपणा एरवी बिघाडाचे लक्षण, पण ब्रुसेल्सच्या परिसरातील लाम्बिकचे तो सर्वस्व आहे. तात्पर्य, चव वस्तूत असते, पण गुणदोष प्रकारात असतात. केंडल वॉल्टन याने १९७० मध्ये कलेच्या कोटींविषयी जे प्रतिपादन केले, की कलाकृतीचे सौंदर्यगुण ती कोणत्या कोटीत पाहिली जाते यावर अवलंबून असतात, त्याचे इतके रोकडे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. लाम्बिक पहिल्यांदा पिणारा माणूस 'हे तर शिरका झाले आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याची जीभ चुकत नाही. त्याची कोटी चुकते. मुक्तछंदाला 'हे तर गद्य आहे' म्हणणाऱ्या वाचकाचे कानही असेच शाबूत होते.

प्रकारांच्या चौकटीची दुसरी बाजूही आहे. जे वर्णन म्हणून लिहिले गेले ते पुढे स्पर्धांच्या नियमावल्यांत विधान झाले. परीक्षक पेल्यातील बिअर चांगली आहे काय यापेक्षा ती आपल्या प्रकाराला धरून आहे काय हे पाहू लागला. लक्षणग्रंथ आणि काव्य यांच्यातील जुना झगडा येथे पेल्यात उतरलेला दिसतो.

४

आस्वादाला भाषा लागते. ज्या चवीला शब्द नाही ती चव जाणवून निसटून जाते. बिअरच्या परीक्षकांची परिभाषा मात्र एका विशिष्ट भूगोलात घडलेली आहे. लाम्बिकच्या रानटी यीस्टमुळे येणाऱ्या वासाला तेथे घोड्याच्या पाठीवरील घोंगडीची उपमा रूढ आहे. सूर्यप्रकाश लागून बिघडलेल्या बिअरच्या वासाला 'स्कंक' या प्राण्याचे नाव दिले जाते. हा प्राणी आपल्याकडे नाही. मराठी माणसाला तो दोष जाणवतो, पण त्याचे रूढ नाव त्याच्या अनुभवाला शिवत नाही. उलट तुरट, कडवट, खवट, कुबट, मचूळ, करपट, ओशट असे किती सूक्ष्म भेद मराठीत घरोघरच्या स्वयंपाकात वापरले जातात! त्यांतील 'मचूळ' हा शब्द शिळ्या, जीव गेलेल्या बिअरला जितका चपखल लागू पडतो तितका पुस्तकी शब्द क्वचितच पडेल.

परंतु हे शब्द आपण या पेयासाठी वापरलेले नाहीत. मद्याविषयी मराठीत शब्द पुष्कळ आहेत. ते जवळजवळ सगळे पिणाऱ्याच्या अवस्थेचे आहेत, पेयाच्या चवीचे नाहीत. झिंग, तार, अंमल, कैफ, तर्र, झोकांडी. ही आपल्या भाषेची उणीव समजावी काय? मला तसे वाटत नाही. भाषेने जे पाहिले ते नोंदवले. तिने पेला पाहिला नाही, पेल्यानंतरचा माणूस पाहिला. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

५

सौंदर्यानुभव हा निरपेक्ष, हेतुविरहित असतो ही कल्पना कांटपासून आपल्या विचारात मुरलेली आहे. १७९० च्या आपल्या ग्रंथात त्याने सुखद आणि सुंदर यांत भेद केला, आणि सुखदाचे उदाहरण म्हणून नेमके मद्यच घेतले. कॅनरी बेटांतील मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला' सुखद आहे असे म्हणावे, हा त्याचा आग्रह. जिभेचे सुख शरीराच्या गरजेशी जखडलेले असल्याने त्याला सार्वत्रिकतेचा दावा करता येत नाही.

मद्यपरीक्षणाची सगळी आधुनिक व्यवस्था म्हणजे कांटला दिलेले एक प्रकारचे उत्तर आहे. नाव झाकून ठेवलेले पेले, ठरलेले तापमान, दोन चवींमध्ये पाणी, नोंदीचे तक्ते, आणि अमेरिकन महोत्सवात दिला जाणारा एक औंसाचा, म्हणजे सुमारे तीस मिलिलिटरचा, घोट. या साऱ्यांचा हेतू एकच: चवीला अंमलापासून वेगळे काढणे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर विघ्ननिवारण करणे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे हे एक आहे. नशा म्हणजे या विघ्नाचे मूर्तिमंत रूप. झिंगलेल्या माणसाला पेयाची चव कळत नाही, त्याला फक्त स्वतःची चव कळते.

येथपर्यंत सिद्धांत सुरळीत चालतो. परंतु एका लहानशा व्यावहारिक रिवाजापाशी तो अडतो. वाइनचा परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो. बिअरचा परीक्षक रिवाजाने तो गिळतो. हॉप्सचा कडवटपणा घोट गेल्यानंतर मागे रेंगाळतो, आणि तो किती रेंगाळतो, कसा विरतो, हे कळल्याशिवाय बिअरविषयी पूर्ण मत देता येत नाही असे मानले जाते. म्हणजे निर्णयासाठी जे आवश्यक तेच निर्णयशक्तीला क्षीण करणारे आहे. पहिल्या पेल्याचा परीक्षक आणि विसाव्या पेल्याचा परीक्षक हा एकच माणूस नसतो. तटस्थ राहून बिअरचा अर्धाच आस्वाद घेता येतो. पूर्ण आस्वाद घ्यायचा तर तटस्थतेचा काही भाग गमवावा लागतो.

मला हे बिअरचे वैगुण्य वाटत नाही. आस्वादाविषयीचे एक सत्य या रिवाजात प्रकट झाले आहे असे वाटते. आपणही कविता थुंकून टाकत नाही. जी कादंबरी खरोखर वाचली ती आपल्यात उतरते, रेंगाळते, आणि पुढच्या वाचनातील आपली निर्णयशक्ती बदलून टाकते. तटस्थ समीक्षक हा थुंकणारा परीक्षक असतो. त्याचे मत स्वच्छ असते आणि अपुरे असते. मात्र हे मान्य केले की नैतिक प्रश्न टाळता येत नाही. जे गिळायचे आहे त्याच्या परिणामांची जबाबदारीही गिळणाऱ्याचीच असते. 'मी फक्त चव घेत होतो' हे समर्थन मग उरत नाही.

६

ही जबाबदारी प्रथम निर्मात्याप्रति आणि स्थळाप्रति असते. ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागात १९०० मध्ये स्थापन झालेली 'कांतियों' ही मद्यशाला आहे. १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही खुली आहे. तेथे थंडीच्या महिन्यांत उकळलेला रस माळ्यावरील उथळ तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कोणी टाकत नाही. त्या हवेतील, त्या लाकडातील सूक्ष्मजीव तो आंबवतात. नंतर तो लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे राहतो, आणि वेगवेगळ्या वयांच्या पिंपांतील रस एकत्र करून ग्यूझ तयार होते. कोळ्यांची जाळी तेथे झाडत नाहीत, कारण कोळी रसावर येणारे कीटक खातात. अशा पेयाच्या बाबतीत प्रवासाला अर्थ आहे. 'येथेच' हा त्या चवीचा घटक आहे. बेल्जियममधील बिअरसंस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते या 'येथेच'ची दखल घेऊनच.

परंतु पाहुणा कशासाठी येतो? पश्चिम फ्लांडर्समधील सेंट सिक्स्टस मठाचे उदाहरण बोलके आहे. तेथील ट्रॅपिस्ट भिक्षू १८३८ पासून बिअर बनवतात. २००५ मध्ये बिअररसिकांच्या एका गुणांकनात त्यांची 'वेस्टफ्लेटेरेन १२' जगात सर्वश्रेष्ठ ठरली आणि मठापुढे मोटारींच्या रांगा लागल्या. बाजाराच्या तर्काने उत्पादन वाढवायला हवे होते. भिक्षूंनी ते वाढवले नाही. बिअर आमच्या निर्वाहापुरती, बिअरसाठी आमचे जीवन नाही, ही त्यांची भूमिका राहिली. दूरध्वनीवरून आगाऊ नोंदणी, मोटारीचा क्रमांक, ठरावीक खोकी, आणि घेतलेली बिअर पुन्हा न विकण्याची अट अशी व्यवस्था त्यांनी लावली. २०१९ मध्ये नोंदणी संगणकावर आली, पण अट तीच. बाटलीला दीर्घकाळ लेबलही नव्हते.

भिक्षूंनी येथे रसिकाला एक मर्यादा शिकवली आहे. यादी करणारा प्रवासी प्रत्येक चव एकदा घेऊन तिच्यावर खूण करतो आणि पुढे जातो. त्याच्या दृष्टीने चव ही मिळकत असते. बूर्द्यूने १९७९ मध्ये अभिरुचीच्या सामाजिक भांडवलाविषयी जे लिहिले ते अशा माणसाला तंतोतंत लागू पडते. परंतु बूर्द्यूचे विश्लेषण पुरे मानले तर आस्वाद आणि मिरवणे यांत भेदच उरत नाही. भेद आहे, आणि तो भिक्षूंच्या अटीत आहे. जे मिळाले ते आपण कशात रूपांतरित करणार नाही, हे ठरवणे म्हणजे आस्वाद. जो पुन्हा विकत नाही, पैशाच्या वा प्रतिष्ठेच्या रूपानेही, तो रसिक. ही अट आपल्या व्यवसायालाही लावून पाहण्यासारखी आहे. वाचलेल्या ग्रंथांची नावे निबंधात पेरणारे आपण सगळे थोडेफार पुनर्विक्रेते असतो.

७

जबाबदारीचा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग, ज्यांच्यासाठी हेच द्रव्य चवीचा विषय कधीच नव्हते त्यांच्याविषयीचा आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकाकडे महोत्सवातील तीस मिलिलिटरच्या पेल्यासह पाहिले तर अंगावर काटा येतो. 'एकच' या शब्दात आस्वादाचा संयम आहे आणि ऱ्हासाची पहिली पायरीही आहे. शिवाय तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ! मद्यपान केवळ घशाची तहान घेऊन येत नाही. ते चर्चा, विनोद, नियम आणि सभासदत्व यांची वस्त्रे लेवून येते, हे गडकऱ्यांनी ओळखले होते. तज्ज्ञ आस्वादकांची मंडळे पाहताना तळीरामाची आठवण झाली नाही, तर आपण आपले वाङ्मय वाया घालवले असे म्हणावे लागेल.

ज्या घरात एका माणसाच्या पिण्यामुळे दिवेलागण ही भीतीची वेळ होते, पायऱ्यांवरील पावलांच्या तालावरून आज जेवण होणार की नाही हे मुलांना कळते, त्या घरात वाढलेल्याला केळे आणि लवंग यांची चर्चा कशी ऐकू येत असेल? हे मी ऐकीव लिहीत नाही. सिंधूची शोकांतिका वर्गात शिकवताना आवाज सांभाळावा लागतो, एवढेच येथे पुरे. मराठीत मद्याचे शब्द पिणाऱ्याच्या अवस्थेचे का आहेत, याचे उत्तर अशा घरांत आहे. ते शब्द बहुधा बाहेर वाट पाहणाऱ्यांनी घडवले असावेत.

यांत आणखी एक असमानता आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी मक्त्याखाली आले. १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध आणले. ज्या समाजांत मोहाची दारू देवाला चढत होती, त्यांची कृती गुन्हा ठरली. त्यांच्या हातातील स्थानिक फुले, स्थानिक पद्धती, घरोघरची वेगळी चव यांना कोणी 'क्राफ्ट' म्हटले नाही. दुसरीकडे, डेव्हिड हार्डिमनने १९८७ च्या ग्रंथात दाखवले आहे की १९२२ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली, आणि तो सोडण्याचा निर्णय पारशी दारूविक्रेत्यांच्या सत्तेविरुद्धचा उठाव होता. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली तीही लोकांच्या आंदोलनामुळे. म्हणजे न पिणे हीदेखील अभिरुचीची, स्वत्वाची एक कृती असू शकते. आस्वादमीमांसेत तिला जागा नसेल तर ती मीमांसा अपुरी आहे.

आपला कायदाही या बाबतीत उद्बोधक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो अशी त्याची भाषा आहे. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही लघुमद्यशाला सुरू झाली, त्यानंतर शहरी तरुणांना बिअरचे प्रकार ठाऊक झाले. पण कायद्याच्या भाषेत पिणारा अजूनही एक तर रुग्ण किंवा अपराधी. 'रसिक' हा तिसरा शब्द तिच्याजवळ नाही. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे सांगितल्याने औषधाचा बहाणाही संपला आहे. उरतो तो आस्वाद, आणि त्याला आता स्वतःच्या पायावर उभे राहावे लागेल.

८

तो तसा उभा राहू शकतो काय? माझे उत्तर सशर्त होकाराचे आहे. चवीला शब्द, कोटी आणि परंपरा मिळाल्या की पेयाचाही आस्वाद संभवतो, हे मान्य करावे लागते. कांटचा भेद तेवढ्यापुरता शिथिल होतो. परंतु हा आस्वाद निरपराध नसतो. तो शरीरात उतरतो, दुसऱ्याच्या श्रमावर आणि स्थळावर उभा असतो, आणि ज्या द्रव्यावर तो पोसला जातो त्याच द्रव्याने कोणाचे तरी घर मोडलेले असते. हे जाणूनही घेतलेला घोट आणि हे विसरून घेतलेला घोट यांची प्रयोगशाळेतील मोजणी एकच येईल. आस्वाद मात्र एक नसेल.

सहृदय या जुन्या शब्दात हृदय आहे, जीभ नाही. बहुधा त्याचे कारण हेच असावे. पेल्याकडे पाहताना ज्याला पेल्यापलीकडे दारात उभे असलेले मूल दिसते, आणि तरीही त्या चवीविषयी जो खोटे बोलत नाही, त्याला सहृदय म्हणावे. तो कदाचित पेला उचलेल, कदाचित ठेवून देईल. दोन्ही कृतींत त्याची अभिरुची दिसेल.